जुन्या डिंगीचा भाव

'डिंगी' हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्याकडून. उत्तर भारतातल्या आणि बंगालमधल्या नद्यांवर माणसं नि माल इकडून तिकडे नेणारी छोटी होडी म्हणजे डिंगी किंवा डेंगी. इंग्रजांनी ती पाहिली, शब्द उचलला आणि त्यातल्या 'ग'चा उच्चार 'ज' होऊ नये म्हणून स्पेलिंगमध्ये एक 'एच' घातला. पुढे विलायतेत या शब्दाला शीड लागलं. आज ब्रिटनमध्ये 'सेलिंग डिंगी' म्हटलं की साधारण सात ते सोळा फुटांची, इंजिन नसलेली, एकट्यानं किंवा दोघांनी हाकायची उघडी होडी डोळ्यांसमोर येते. ती बंदरात नांगरून ठेवत नाहीत. क्लबच्या आवारात किंवा घरामागे ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी ट्रॉलीवरून पाण्यात ढकलतात.

या होड्यांचं आयुष्य त्यांच्या मालकांच्या हौसेपेक्षा मोठं असतं. नीट राखलेली डिंगी चाळीस-पन्नास वर्षं सहज टिकते, हौस मात्र अनेकदा पाच-सात वर्षांत ओसरते. त्यामुळे एकच होडी सहा-सात हातांतून जाते आणि शिडाच्या होडीचा नाद लागलेल्या बहुतेकांची पहिली होडी जुनीच असते. हा खेळ टिकतो की आटतो, हे म्हणूनच नव्या होड्यांच्या कारखान्यात ठरत नाही, जुन्या होड्यांच्या सौद्यात ठरतं. पहिल्याच खरेदीत फसलेला माणूस दुसरी होडी घेत नाही. तो गोल्फकडे वळतो किंवा घरी बसतो.

मग चांगला सौदा कोणता आणि वाईट कोणता? सोपं उत्तर 'स्वस्त तो चांगला' हे आहे, आणि ते चुकीचं आहे.

वर्तमानपत्रांनी विकलेल्या होड्या

आधी इतक्या होड्या आल्या कुठून ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं 'मॉस्किटो' नावाचं विमान मुख्यतः लाकूड आणि प्लायवुडचं बांधलं. त्या काळात पाण्यानं न सुटणारे कृत्रिम गोंद आणि चांगलं प्लायवुड यांचं तंत्र पक्कं झालं. युद्ध संपल्यावर ते सामान्य माणसाच्या हाती आलं. जॅक होल्ट या आरेखकानं त्याचा फायदा घेत घरी बांधता येतील अशा होड्या कागदावर उतरवल्या. १९४९ची 'जीपी फोर्टीन' त्याची. १९५६ची 'एंटरप्राइज' त्याचीच, आणि तिचा पुरस्कर्ता होता 'न्यूज क्रॉनिकल' हे दैनिक. हे दैनिक १९६० साली बंद पडलं, पण त्यानं चालना दिलेली निळसर शिडांची होडी जगभर पसरली. १९८२च्या एशियाडमधल्या नौकानयनाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, तेव्हा एंटरप्राइज हा त्यांतला एक गट होता. बैराम आणि गोशपी आवारी या पाकिस्तानी पारशी दांपत्यानं त्यात सुवर्णपदक मिळवलं.

सर्वांत मोठी उडी मात्र 'मिरर'ची. १९६२ साली होल्ट आणि दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकवणारा बॅरी बकनेल यांनी मिळून 'डेली मिरर' या दैनिकासाठी ही दहा फूट दहा इंचांची होडी आखली. प्लायवुडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेनं कापडासारखे शिवायचे आणि शिवणीवर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची. किंमत होती ६३ पौंड ११ शिलिंग. लाल शिडांच्या अशा ७० हजारांहून अधिक होड्या तयार झाल्या, त्यांतल्या कितीतरी घराच्या गॅरेजमध्ये. त्यातल्या पुष्कळ आजही कुठल्यातरी छपराखाली उभ्या आहेत आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत आहेत.

आंबट लिंबांचा बाजार

जुन्या मालाच्या बाजाराचं मर्म जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली एका लेखात उलगडलं. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या लेखाच्या लेखकाला २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. अमेरिकन बोलीत खोटी निघालेली गाडी म्हणजे 'लेमन', लिंबू. अकरलॉफचं म्हणणं थोडक्यात असं. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. मग उरलेल्या मालाचा दर्जा घसरतो, भाव आणखी पडतो आणि शेवटी बाजारात लिंबंच उरतात.

जुन्या होड्यांच्या बाजाराचीही खरं तर हीच गत व्हायला हवी होती. होडीतले दोष गाडीपेक्षाही लपलेले असतात. ते पाण्यात, वाऱ्यात, तासाभरानं कळतात. तरीही हा बाजार टिकून आहे. का, हे समजलं की चांगला सौदा ओळखण्याची किल्लीही हाती येते.

पहिलं कारण 'ऑप्टिमिस्ट' या लहान मुलांच्या होडीत दिसतं. क्लार्क मिल्स यानं १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर इथे ती आखली. जेमतेम साडेसात फुटांची, पेटीसारखी. हिच्या शर्यतींत पंधरा वर्षांपर्यंतचीच मुलं उतरू शकतात. म्हणजे प्रत्येक ऑप्टिमिस्ट कधी ना कधी विकली जाणारच, आणि विकण्याचं कारण बहुधा एकच असतं: मूल मोठं झालं. होडीत खोट आहे म्हणून विकतात, असा संशय इथे आपोआप विरळ होतो. अकरलॉफचं लिंबू पिकतं ते 'हा का विकतोय?' या प्रश्नाला उत्तर नसतं तिथे. म्हणून जुनी होडी पाहायला जाणाऱ्यानं किंमत विचारण्याआधी कारण विचारावं. मूल वाढलं, गुडघे दुखायला लागले, मोठी होडी घेतली, गाव बदललं ही कारणं पडताळता येतात. 'मित्राची आहे, मला फारसं माहीत नाही' हे कारण नव्हे, इशारा आहे.

होडीची जात

दुसरं कारण म्हणजे 'क्लास'. शिडाच्या होड्यांच्या जगात याचा अर्थ जात. एका जातीच्या सगळ्या होड्या ठरलेल्या मापात असाव्या लागतात. प्रत्येकीला क्रमांक असतो, तो शिडावर मोठ्या अक्षरांत असतो आणि होडीच्या अंगावरही कोरलेला किंवा बसवलेला असतो. मालकांची संघटना मापाचे दाखले, नियमपुस्तिका आणि सुट्या भागांची माहिती सांभाळते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं ही संघटना म्हणजे शर्यतींचं मंडळ तर आहेच, पण जुन्या मालाची खात्री देणारी पंचायतही आहे. दोन क्रमांक जुळत नसतील तर शीड दुसऱ्या होडीचं आहे, किंवा त्याहून वाईट म्हणजे होडीच दुसऱ्याची आहे.

'लेझर'चं उदाहरण घ्या. कॅनडाचा ब्रूस कर्बी यानं १९६९ साली फोनवर बोलता बोलता हिचं रेखाटन केलं. १९७१पासून ती विक्रीला आली, १९९६पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि दोन लाखांहून अधिक बांधल्या गेल्या. २०१९पासून शर्यतींच्या जगात तिचं नाव बदलून 'आयएलसीए' झालं. एवढ्या होड्या असल्यामुळे सुटे भाग मिळतात, भाव सगळ्यांना ठाऊक असतो आणि घेतलेली होडी पुढे विकताही येते. याउलट, मालकांची संघटना विरून गेलेल्या एखाद्या देखण्या जातीची होडी निम्म्या भावात मिळाली, तरी तिचं तुटलेलं सुकाणू कुठून आणायचं आणि ती पुढे कोणाला विकायची, हे प्रश्न त्या भावातच गुंडाळून आलेले असतात.

शीड कसलं घ्यायचं हेही जातीवरच ठरतं. लेझरच्या अधिकृत शिडाच्या नकला बऱ्याच कमी किमतीत मिळतात. तलावात फेरफटका मारणाऱ्याला त्या उत्तम. शर्यतीत मात्र त्या चालत नाहीत. म्हणजे तीच होडी, तेच शीड, तोच भाव, आणि एकाला सौदा चांगला तर दुसऱ्याला वाईट. आपल्याला होडीचं काय करायचं आहे हे ठरवण्याआधी सौद्याची चर्चाच निरर्थक आहे.

हात लावून पाहण्याच्या गोष्टी

लाकडी होडीचा वैरी समुद्र नव्हे, पाऊस. खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेलं गोडं पाणी लाकूड लवकर कुजवतं. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. म्हणून पहिला प्रश्न: होडी उघड्यावर होती की झाकलेली? मग डोलकाठीचा पाया, मागच्या फळीचे कोपरे, तारा अडकवलेल्या जागा आणि पोटातून खाली सोडायच्या फळीचं घर, इथे अंगठ्यानं दाबून पाहावं. वॉर्निशखाली काळसर डाग आणि बोटाखाली मऊपणा म्हणजे कूज. ताज्या रंगाला भुलू नये. विक्रीच्या आदल्या आठवड्यात दिलेला रंग होडीपेक्षा विक्रेत्याबद्दल जास्त सांगतो.

फायबरग्लासची होडी कुजत नाही, पण पाणी पिते. दोघांनी उचलून पाहावी. लेझरचं नुसतं अंग साधारण ५९ किलोंचं असतं. ते फारच जड वाटलं तर आत पाणी आहे. डोलकाठी ज्या नळीत उभी राहते ती नळी पाण्यानं भरून थोडा वेळ थांबावं. पातळी उतरली तर पाणी होडीच्या पोटात जातंय, आणि भर वाऱ्यात एक दिवस डोलकाठी डेक फाडून बाहेर येऊ शकते. डेकवर हातानं दाबत जावं. तो लिबलिबला तर आतले थर सुटले आहेत. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर, स्टीलच्या रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली तर दोन धातूंच्या संगतीनं तिथे गंज धरला आहे. तारांचे सुटे धागे शेवटाशी टोचू लागले असतील तर तारा बदलण्याचा खर्च धरावा.

यातल्या कुठल्याच दोषामुळे होडी आपोआप टाकाऊ ठरत नाही. दोष माहीत असेल तर ती त्याच्या भावाची होडी. वाईट सौदा म्हणजे सदोष होडी नव्हे, न सांगितलेला दोष.

फुकटची होडी

दर वर्षी अनेक क्लबांच्या आवारात बेवारस होड्या उरतात. मालक भाडं भरत नाही, सापडतही नाही. इंग्लंडमध्ये १९७७च्या एका कायद्यानुसार रीतसर नोटीस देऊन अशी पडून राहिलेली वस्तू विकता येते. त्यामुळे तिथे होडी नाममात्र किमतीत मिळते. मात्र नोटिशीचे कागद पाहिल्याशिवाय घेऊ नये, कारण उद्या मूळ मालक उगवू शकतो.

आणि नाममात्र किंमत ही फक्त सुरुवात. शिडांचा नवा संच घेतला तर तो जुन्या होडीपेक्षा महाग पडू शकतो. मग दोर, झाकण, विमा, क्लबची वर्गणी आणि ट्रॉली. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, अशी ही गत. म्हणून सराईत माणूस आधी होडी पाहत नाही. सोबत काय काय येतंय ते पाहतो. घट्ट चाकांची ट्रॉली, कोरडं झाकण आणि एक शर्यतीचं, एक सरावाचं अशी दोन शिडं असतील तर दीडपट भावही स्वस्त पडतो. वेळही महत्त्वाची. वसंतात सगळ्यांना होडी हवी असते. ऑक्टोबरात मालकाला हिवाळाभर ती सांभाळायची नसते, तेव्हा बोलणी सोपी होतात.

विकणाऱ्याचं गणित

सगळं शहाणपण घेणाऱ्याला सांगून भागणार नाही. विकणाऱ्याची अडचणही खरी असते. वडिलांनी एका हिवाळ्यात गॅरेजमध्ये शिवलेली मिरर मुलगा विकायला काढतो, तेव्हा त्याच्या मनात त्या संध्याकाळींचा भाव असतो. बाजार त्या संध्याकाळींचे पैसे देत नाही. दुरुस्तीत घातलेले तासही भावात मिळवता येत नाहीत. ते कबूल करायला जड जातं, म्हणून किंमत चढी लावली जाते, होडी दोन वर्षं पडून राहते आणि त्या दोन पावसाळ्यांत खरोखरच कुजते.

त्यानं दुसरा मार्ग धरावा: जे माहीत आहे ते लिहून द्यावं. कुठली फळी कधी बदलली, कुठे पाणी शिरतं, शीड किती मोसम वापरलं, कुठला भाग मूळचा नाही. असा कागद दिला की भाव पडेल अशी भीती वाटते. अकरलॉफचं गणित उलट सांगतं. घेणाऱ्याचा संशय हाच भावातला सर्वांत मोठा खड्डा असतो, आणि तो माहितीनं भरतो. दोष सांगणाऱ्याच्या गुणांवर माणूस विश्वास ठेवतो. आणि वडिलांच्या हातच्या होडीची किंमत मिळाली नाही, तरी ती पाण्यावर राहील याची सोय त्या कागदानंच होते.