लाव्हाच्या थरांवरचा संतोषगड

फलटणजवळच्या ताथवड्याचा संतोषगड पाहणाऱ्याने आधी त्याचा कातळ पाहावा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक थिजले आणि दख्खनचं पठार घडलं. शंभू महादेव डोंगररांगेतला हा गड त्याच थिजलेल्या लाव्हाच्या खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा. टणक थरांचे उभे कडे राहिले, ठिसूळ थर झिजून उतार झाले. गड बांधणाऱ्यांना अर्धी तटबंदी आयतीच मिळाली!

प्रश्न होता पाण्याचा.

हा पर्जन्यछायेचा, दुष्काळी मुलूख. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी मुरतं ते भेगांतून आणि सच्छिद्र थरांतूनच. म्हणून माथ्यावर कातळात खोल टाकं खोदलं, आत उतरायला पायऱ्याही काढल्या. तटबुरुजांइतकंच हे टाकंही निरखून पाहण्यासारखं आहे.