पंचवीस वर्षांचा पूर आणि आपल्या बांधाचा सांडवा



नाल्याकाठच्या वावरातला मातीचा बांध फुटला की आपण म्हणतो, "माती कच्ची होती." पण पुष्कळदा माती चांगली असते, सांडवा तोकडा असतो. सांडव्यातून निघेल त्यापेक्षा जास्त पाणी आले की ते बांधाच्या माथ्यावरून वाहते आणि पाहता पाहता बांध कापते. मग खालची उभी पऱ्हाटीही जाते.

पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे काय?

असा पूर एकदा येऊन गेला की पंचवीस वर्षे निर्धास्त, हा समज खोटा आहे. एका मडक्यात २५ चिठ्ठ्या टाका. त्यातली एक लाल. दरसाल मृगाला एक चिठ्ठी काढा, पाहा आणि परत मडक्यात टाका. लाल निघाली तर त्या साली मोठा पूर. यंदा लाल निघाली तरी पुढच्या साली ती मडक्यात आहेच. या हिशेबाने असा पूर १० वर्षांत निदान एकदा येण्याचा संभव शंभरात ३४ आणि २५ वर्षांत शंभरात ६४ असतो.

आपल्या गावचा हिशेब असा करा

१) जवळच्या पर्जन्यमापकाच्या मागील २४ वर्षांच्या नोंदी मिळवा. प्रत्येक वर्षाचा एका दिवसातला सर्वांत मोठा पाऊस लिहा.
२) आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत लावून क्रमांक द्या.
३) वर्षांत एक मिळवा, म्हणजे २५. त्याला क्रमांकाने भागा. पहिला पाऊस २५ वर्षांतून एकदाचा, पाचवा ५ वर्षांतून एकदाचा.

हा अंदाज आहे. शिवाय १९५० नंतर मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढल्याचे हवामानशास्त्रज्ञांना आढळले आहे. म्हणून सांडवा हिशेबापेक्षा थोडा मोकळाच ठेवा.

किती धोका पत्करायचा?

कधीच न फुटणारा बांध कोणालाच परवडत नाही. खाली काय आहे ते पाहून ठरवा. खाली फक्त वावर असेल तर १० वर्षांचा पूर धरतात. पाणी साठवणाऱ्या बंधाऱ्याला २५ ते ५० वर्षांचा. खाली वस्ती असेल तर त्याहून पुष्कळ मोठा धरावा लागतो. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरात वरुडपलीकडच्या मोवाडला दोनशेवर माणसे गेली, हे आपण विसरू नये. हॉलंड देशात १९५३ साली समुद्राचे बांध फुटून १८३६ माणसे दगावली. तेव्हा त्यांनी दाट वस्तीच्या भागातले बांध १०,००० वर्षांतून एकदा येणाऱ्या उधाणाला टिकतील असे आखायचे ठरवले.

मृगाआधी एवढे करा

• सांडव्यातली झुडपे व गाळ काढा. दोन तास जादा पेरायला मिळावेत म्हणून सांडवा अरुंद करू नका.
• काळ्या मातीच्या बांधाला उन्हाळ्यात पडलेल्या भेगा आणि उंदराची बिळे ओली माती ठोकून बुजवा.
• बैलगाडी जाऊन माथा जिथे खचला असेल तिथे भर घाला. पाणी आधी तिथूनच जाते.
• सांडव्याच्या तोंडाशी दगड बसवा आणि बांधावर गवत लावा.

सांडव्याची रुंदी पाणलोटाच्या क्षेत्रावर अवलंबून असते. ती तालुका कृषी कार्यालयातून मोजून घ्या. बांध घातला म्हणजे काम संपले असे नाही, मडक्यातली लाल चिठ्ठी दरसाल असतेच.