हिरव्या कापडापुढचा यंत्रमागवाला

सीमाभागातील आमच्या कडोली गावच्या मराठी साहित्य संमेलनाची ग्रंथदिंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बिनमोबदल्याच्या श्रमाची थोरवी निराळी सांगावी लागत नाही. हेच श्रम कुणी विज्ञानकल्पनेच्या चित्रपटासाठी, तेही परक्याने निर्मिलेल्या नायकापायी वेचले, तर त्यांचे मोल काय, हा प्रश्न मात्र मला कित्येक वर्षे सोडीत नाही.

परदेशचे दाखले जाणकारांना ठाऊक आहेत. फिनलंडमधील हौशी मंडळींनी सात वर्षे खपून केलेला ‘स्टार रेक : इन द पर्किनिंग’ हा चित्रपट 2005 साली विनामूल्य लोकांपुढे ठेवला. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांच्या ‘अ‍ॅक्झनार’ या चित्रपटाविरुद्ध मूळ मालक पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी डिसेंबर 2015 मध्ये फिर्याद गुदरली, आणि जानेवारी 2017 मध्ये ती तडजोडीने मिटली. मधल्या काळात, जून 2016 मध्ये, मालकांनी चाहत्यांच्या चित्रपटांसाठी नियमावली जाहीर केली : कथा 15 मिनिटांची, फार तर दोन भागांची, कोणास मोबदला नाही, वर्गणी 50,000 डॉलरांपलीकडे नाही.

हा शेवटचा आकडा वाचताच मला मालेगाव आठवले. कारण तेथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ सिद्ध केला, तो सुमारे 50,000 रुपयांत. त्यांचे पुढचे धाडस म्हणजे ‘मालेगाव का सुपरमॅन’. फैझा अहमद खान यांनी त्या खटपटीवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा दस्तऐवज तोच होय. सायकलीवर बसलेला छायाचित्रकार हीच त्या मंडळींची ट्रॉली, बैलगाडीचे वर उचललेले दांडे हीच क्रेन. यंत्रमागावर राबणारा, अंगाने काडीसारखा नायक शफीक शेख हिरव्या कापडापुढे आडवा होतो, आणि संगणकावर कापडाचा रंग गाळला की त्याच्यामागे आकाश येते. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो, मध्येच नायकाचे लग्न निघते. तरी काम थांबत नाही. खलनायकास घाणीचे वेड आहे. म्हणजे नायक परका असला तरी त्याचे वैर मालेगावच्याच गटारांशी आहे. उसनवारीतून स्वत्व येते ते असे.

शफीक 2011 साली कर्करोगाने गेला. रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ या चित्रपटामुळे 2025 साली ही कथा देशभर पोहोचली. मला मात्र फैझा खान यांच्या माहितीपटातील पटकथालेखक फरोग जाफरी यांचाच चेहरा विसरता येत नाही. नायकास टाळ्या मिळतात, दिग्दर्शकास नाव मिळते. लिहिणाऱ्याच्या मनात मुंबई न गाठल्याची सल तेवढी उरते. बिनमोबदल्याचे काम पवित्र असते, असे म्हणणे सोपे आहे; परंतु ज्यास दाम द्यावयाचा नाही, त्याचे नाव तरी चुकवू नये, हे त्या कामाचे पहिले ऋण आहे. ‘स्टार ट्रेक’च्या मालकांच्या नियमावलीत मोबदल्याची मनाई आहे; म्हणूनच हे ऋण फेडणे ही चाहत्यांची आपसांतील जबाबदारी आहे.

आमच्या गावी ग्रंथ पालखीत बसतात आणि लिहिणाऱ्यास मंचावर मान मिळतो. म्हणून संमेलनाच्या संयोजकांस माझी विनंती आहे की, एका सायंकाळी हा माहितीपट मांडवात दाखवावा, आणि मोबाईलवर चित्रपट करू पाहणाऱ्या आपल्या सीमाभागातील मुलांना पहिल्या रांगेत बसवावे.