‘क’ वर्गातली पलटण

हाँगकाँगच्या लढाईविषयी मी वाचू लागलो ते सातव्या राजपूत रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनसाठी. १८ डिसेंबर १९४१च्या रात्री जपानी सैन्य बेटावर उतरले, ते या राजपुतांच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर. पण त्यांच्या मागच्या डोंगरांत कॅनडाची ‘विनिपेग ग्रेनेडियर्स’ ही पायदळ पलटण लढली. तिची कागदपत्रे वाचताना मी तिथेच अडकलो.

कॅनडाच्या लष्करी मुख्यालयाने त्या वर्षी आपल्या पलटणींची अ, ब, क अशी वर्गवारी केली होती. ग्रेनेडियर्स ‘क’मध्ये होती. म्हणजे तूर्त लढाईवर पाठवू नये अशी. जमैकातल्या वर्षभराहून अधिक पहाऱ्यात तिचा युद्धसराव मागे पडला होता. या वर्गवारीसाठी ज्यांचे मत घेतले गेले, त्यांत प्रशिक्षण संचालक कर्नल जे. के. लॉसन होते, आणि पुढे हाँगकाँगच्या तुकडीचे नेतृत्व ब्रिगेडियर म्हणून त्यांच्याकडेच आले.

मग हीच पलटण का? सेनाप्रमुख क्रेरार यांचा मुद्दा असा, की तिला पहाऱ्याचा अनुभव आहे. तर्क बिनचूक आहे. फक्त त्यात जपान नाही. संख्या भरण्यासाठी ऐनवेळी नवे शिपाई घेतले गेले, त्यांतल्या अनेकांचे सोळा आठवड्यांचे नेमाचे शिक्षणही झालेले नव्हते.

क्वेबेकची ‘रॉयल रायफल्स’ धरून १,९७५ जण २७ ऑक्टोबरला व्हँकुव्हरहून निघाले आणि १६ नोव्हेंबरला पोचले. त्यांची २१२ वाहने वेगळ्या जहाजावर चढवली होती. ती हाँगकाँगला कधीच पोचली नाहीत. ८ डिसेंबरला हल्ला झाला.

१९ तारखेला वाँग नाय चाँग खिंडीतल्या मुख्यालयाला शत्रूने वेढा घातला. ‘बाहेर पडून लढतो’ असा निरोप देऊन लॉसन बाहेर पडले आणि मारले गेले. तिथेच ग्रेनेडियर्सच्या ‘डी’ कंपनीने दारूगोळा संपेपर्यंत, २२ तारखेच्या सकाळपर्यंत, बेटाचा उत्तर-दक्षिण रस्ता अडवून धरला. त्याच १९ तारखेला माउंट बटलरच्या परिसरात सार्जंट मेजर जॉन ऑसबर्न शत्रूचे हातबॉम्ब उचलून परत फेकत होते. एक हाताला येईना, तेव्हा सोबत्यांना सावध करून त्यांनी स्वतःला त्यावर झोकून दिले. ‘क’ वर्ग!

नाताळच्या दिवशी शरणागती झाली. १९४२ साली कॅनडात चौकशी बसली. सरन्यायाधीश डफ यांनी वाहनांबाबत पुरवठा खात्याला दोष दिला, बाकी निर्णय ग्राह्य धरले. प्रशिक्षणही पुरेसे ठरवले. खरे साक्षीदार तेव्हा जपानी छावण्यांत होते. त्यांना विचारल्याशिवाय निघालेला हा निष्कर्ष मला तरी निवाडा वाटत नाही, ती फाइल बंद करण्याची घाई वाटते.

लढाईत २९० कॅनडियन पडले, आणि जवळपास तितकेच, अडीचशेहून अधिक, पुढे कैदेत गेले. ऑसबर्न यांच्या कृत्याची हकीकत सोबत्यांच्या सुटकेनंतर बाहेर आली. व्हिक्टोरिया क्रॉस १९४६मध्ये जाहीर झाला. त्यांची कबर नाही. साय वानच्या स्मारकावर नाव आहे.