द्राक्षाच्या सालीवरील बुरशी व मद्याचा गुण

इ. स. १८७८ मध्ये फ्रान्समधील आर्ब्वा येथील आपल्या द्राक्षमळ्यात लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने काही वेलींवर काचेची घरे उभारली व तेथील घड निर्जंतुक कापसात गुंडाळून ठेविले. त्या द्राक्षांचा रस आंबला नाही. उघड्यावर पिकलेल्या द्राक्षांचा मात्र आंबला. रस आंबविणारे किण्व, म्हणजेच यीस्ट, फळात नसून बाहेरून सालीवर येते, हे यावरून सिद्ध झाले. किण्व ही एकपेशीय बुरशीच होय.

बुरशी म्हटली की बागाइतदारास भुरी आठवते व तिचा बंदोबस्त अवश्य केला पाहिजे. परंतु निरोगी मण्यावरही अनेक निरुपद्रवी जातींच्या बुरशी नांदत असतात. मद्यनिर्मितीतील प्रमुख किण्व, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, तेथे विरळच असते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ते हजार निरोगी मण्यांपैकी सुमारे एकावर, तर फुटलेल्या चार मण्यांपैकी एकावर आढळले. गांधीलमाश्या आपल्या पोटातून त्याची ने-आण करतात.

एकाच जातीच्या द्राक्षाचे मद्य निरनिराळ्या गावी निराळे लागते. माती, हवामान व मशागत यांच्या या एकत्रित गुणास फ्रेंच लोक ‘तेरवार’ म्हणतात. त्यात सूक्ष्म बुरशीचाही वाटा आहे काय? न्यूझीलंडमधील संशोधकांनी सहा विभागांतील किण्वे घेऊन सोव्हिन्यों ब्लां द्राक्षाचा एकच रस त्यांनी आंबविला. किण्व ज्या विभागाचे, त्यानुसार मद्याच्या सुगंधी घटकांत फरक पडला. फरक अल्प होता, तरी निश्चित होता. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले.

बहुसंख्य मद्यनिर्माते तयार किण्व रसात मिसळतात. तेथे मळ्यातील किण्वाचा प्रभाव मर्यादित राहतो. तथापि सालीवरील या सृष्टीची जाण मद्याची द्राक्षे पिकविणाऱ्या नाशिककडील बागाइतदारासही उपयोगी आहे. औषधाची फवारणी रोगाची पाहणी करूनच करावी व काढणीपूर्वी ठरविलेले अंतर कटाक्षाने पाळावे. फळावर गंधक राहिल्यास मद्यास सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येऊ शकते. काही बुरशीनाशकांच्या अंशाने आंबण्याची क्रिया मंदावते. फुटलेल्या मण्यांवर किण्व अधिक असले तरी सड व आंबटपणा आणणारे जंतूही तेथेच वाढतात. म्हणून असे मणी काढणीच्या वेळीच वेगळे करावेत.

रोगकारक बुरशीस आवर घालावा, पण सालीवरील प्रत्येक बुरशी शत्रू नव्हे, हे ग्रामसेवकांनी बागाइतदारांस समजावून द्यावे.