ट्रकच्या पुढच्या चाकातील ‘खटखट’ : निदान कसे करावे?

मालमोटारीच्या पुढच्या चाकाकडून ‘खट्’ किंवा ‘धड्’ असा आवाज येऊ लागला, तर तो नेमका कोणत्या भागाचा आहे हे ओळखणे सोपे नसते. स्टिअरिंगचे सांधे, पाटे, ब्रेक आणि बेअरिंग हे सर्व भाग पुढच्या ॲक्सलवर दाटीने बसविलेले असतात. शिवाय आवाज चासीच्या लोखंडातून पसरत असल्यामुळे उजवीकडचा बिघाड डावीकडे असल्याचा भास होतो. परिणामी अनेकदा अंदाजाने सुटे भाग बदलले जातात. पैसा खर्च होतो, गाडी उभी राहते आणि आवाज मात्र कायम राहतो. ठराविक क्रमाने तपासणी केल्यास हे टाळता येते.

भारतातील बहुतांश अवजड ट्रकचा पुढचा ॲक्सल अखंड आणि घडीव लोखंडाचा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना किंगपिन नावाची जाड उभी खीळ असते आणि चाक तिच्याभोवती वळते. किंगपिन, चाकाचे नट अथवा टायरॉडचा सांधा यांपैकी काहीही निसटले, तर चालकाचा गाडीवरील ताबा सुटू शकतो. असे भाग बहुधा एकाएकी निसटत नाहीत; ते आधी सैल होतात आणि सैल झाल्यावर वाजू लागतात. म्हणूनच या आवाजाकडे पूर्वसूचना म्हणून पाहिले पाहिजे.

आवाज केव्हा येतो?

तपासणीची सुरुवात पान्याने नव्हे, तर निरीक्षणाने करावी. प्रथम केबिनमधील जॅक, अवजारे आणि केबिनचे लॉक वाजत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर आवाजाची वेळ लक्षात घ्यावी.

खड्ड्यातून जाताना आवाज येत असेल, तर पाट्यांचे बुश, शॅकल पिन किंवा शॉक ॲब्सॉर्बरचे बुश झिजल्याची शक्यता अधिक असते. ब्रेक दाबताच एकदाच ‘धड्’ होत असेल, तर सैल यू-बोल्ट, तुटलेला सेंटर बोल्ट किंवा पाट्याची झिजलेली पिन यांचा संशय घ्यावा. मंद वेगात वळण घेताना येणारा आवाज किंगपिन अथवा टायरॉडकडे बोट दाखवितो. वेगाबरोबर ज्याचा ठेका वाढतो, तो आवाज फिरणाऱ्या भागाचा, म्हणजे चाकाचे नट, हब, बेअरिंग किंवा टायर यांचा असतो.

चाक उचलून तपासणी

गाडी सपाट आणि टणक जागेवर उभी करून हँडब्रेक लावावा व मागील चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. जॅकने ॲक्सल उचलल्यानंतर त्याखाली भक्कम स्टँड ठेवणे अत्यावश्यक आहे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे जिवावर बेतू शकते.

चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातील १२ आणि ६ या आकड्यांच्या जागी पकडून हलवावे. मोठ्या चाकासाठी टायरखाली पहार घालून ते उचलून पाहावे. चाक हलत असेल, तर दोष बेअरिंगचा की किंगपिनचा, हे ठरविण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. सहकाऱ्याला ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. एअर ब्रेक असल्यास टाकीत पुरेसा हवेचा दाब असावा. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि त्यामागील भाग एकमेकांना जखडले जातात. त्यामुळे चाकाचे हलणे थांबले, तर बेअरिंग सैल आहे. ते तसेच राहिले, तर किंगपिन किंवा त्याचे बुश झिजलेले आहेत.

त्यानंतर चाक ३ आणि ९ या आकड्यांच्या जागी धरून हलवावे. या दिशेने चाक सैल वाटल्यास टायरॉडचे सांधे तपासावेत. चाके जमिनीवर असताना एकाने स्टिअरिंग थोडे डावीकडे-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने बाजूला राहून टायरॉड व ड्रॅग लिंकच्या सांध्यांकडे पाहावे. सांध्याचे एक टोक हलून दुसरे किंचित उशिराने हलत असेल, तर तो सांधा निकामी झाला आहे.

डोळ्यांनाही बरेच काही दिसते. नट किंवा यू-बोल्टभोवती तांबूस भुकटी, घासून चकाकणारा पत्रा, जागेवरून सरकलेला पाटा या सैलपणाच्या खुणा आहेत. प्रवासानंतर एका बाजूचे हब दुसऱ्यापेक्षा बरेच अधिक तापलेले असेल, तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक तपासावा. हात न टेकवता, जवळ नेऊनच उष्णतेचा अंदाज घ्यावा.

गाडी केव्हा थांबवावी?

शॉक ॲब्सॉर्बरचे बुश झिजले असल्यास मंद गतीने जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. मात्र चाकाचे नट सैल असणे, मुख्य पाटा किंवा सेंटर बोल्ट तुटणे, स्टिअरिंगचा सांधा निसटू लागणे अथवा बेअरिंगमध्ये मोठा सैलपणा असणे, या स्थितीत गाडी पुढे नेऊ नये. घाटात भरलेल्या गाडीचा ब्रेक लागताच बराचसा भार पुढच्या ॲक्सलवर येतो आणि दुबळा भाग नेमका तेव्हाच साथ सोडतो.

दुरुस्तीनंतर नट समोरासमोरच्या क्रमाने, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर अंतरानंतर पुन्हा तपासावेत. किंगपिन आणि शॅकलला वेळेवर ग्रीस दिल्यास झीज बरीच लांबते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार मालवाहू वाहनांना योग्यता प्रमाणपत्र बंधनकारक आहे. तथापि, हे प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगते. पुढील तपासणीपर्यंतच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासात निर्माण होणारा दोष सर्वप्रथम चालकाच्याच कानावर येतो. त्याने सांगितलेल्या आवाजाची दखल गाडीमालकाने त्याच दिवशी घेणे, यातच चालकाची आणि रस्त्यावरील इतरांची सुरक्षितता आहे.