आधी विरघळू तर द्या!

गुणवत्ता-तपासणीच्या प्रयोगशाळेत डिसोल्यूशनच्या, म्हणजे औषध किती विरघळते ते तपासणाऱ्या, यंत्रासमोर उभे राहिले की औषधाचा पोटातला प्रवास डोळ्यांसमोर घडताना दिसतो. गोल बुडाची काचेची भांडी, भोवती ३७ अंश सेल्सिअसचे पाणी, प्रत्येक भांड्यात संथ फिरणारे पॅडल. मी पाहत होतो त्या चाचणीत एका भांड्यात जठरातल्यासारखे आम्ल होते, सामू १.२, दुसऱ्यात आतड्यातल्यासारखे बफर, सामू ६.८. दोन्हींत इट्राकोनॅझोलची एकेक कॅप्सूल सोडली. गजकर्णावर आपल्याकडे सर्रास दिले जाते ते हे औषध.

अ‍ॅनालिस्ट ठरावीक वेळाने नमुना काढून गाळत होती आणि त्यात किती औषध उतरले ते मोजत होती. आम्लातला आकडा चढत गेला. बफरमधला जेमतेम हलला.

याचे कारण रेणूंवरच्या विद्युतभारात आहे. इट्राकोनॅझोल हा क्षीण आम्लारी. सामू ३.७ असताना त्याचे निम्मे रेणू भारित असतात, निम्मे भाररहित. सामू १.७ वर उतरला की एका भाररहित रेणूमागे १०० भारित, ६.७ वर चढला की एका भारितामागे १००० भाररहित. भारित रेणू पाण्यात सहज विरघळतात, पण आतड्याच्या पेशींचे स्निग्ध पटल पार करतात ते मुख्यतः भाररहित रेणू. म्हणजे या औषधाने आधी जठरात विरघळायचे आणि मग आतड्यात भार टाकून रक्तात शिरायचे. पहिली पायरी हुकली तर दुसरी जवळपास हुकलीच.

पलीकडच्या यंत्रात पँटोप्राझोल होते, आपली नेहमीची पित्ताची गोळी. आम्लात या औषधाचाच नाश होतो, म्हणून गोळीवर आम्लाला दाद न देणारा थर चढवलेला असतो. दोन तास आम्लात राहूनही ती अखंड होती. ही गोळी कुटून घेऊ नये, ते याचसाठी. रक्तात पोहोचल्यावर मात्र ती जठरातले आम्ल तयार होणेच कमी करते. मग सोबत घेतलेली इट्राकोनॅझोलची कॅप्सूल पुरती न विरघळताच पुढे सरकते. गजकर्ण हटत नाही आणि दोष औषधाला मिळतो.

जेवणाने जठरात आम्ल स्रवते, म्हणून ही कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्या. पित्ताची गोळी चालू असेल, तर डॉक्टर चिठ्ठी लिहीत असतानाच तसे सांगा. कोणतीही गोळी आपल्या मनाने जोडू नका आणि आपल्या मनाने सोडूही नका.